गोळी घेतली आणि ताट आले नाही : सांगली ते न्यू जर्सी प्रवासातील भाडे आणि जेवण यांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत विमानाची तिकिटे काढून देण्याचे काम मी गेली अठरा वर्षे करतो. मुलगा किंवा मुलगी परदेशी असलेले, साठी ओलांडलेले आई-वडील हे माझ्याकडचे नेहमीचे प्रवासी. इथे मांडलेले प्रकरण अशाच एका जोडप्याचे आहे. त्यांच्या परवानगीने ते लिहीत आहे, कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि विमान कंपनीचे नावही घेतलेले नाही.

काका एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. काकू सहासष्ट वर्षांच्या. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह असून सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्र गोळी चालू होती. दोघेही शाकाहारी, अंडेही न खाणारे, आणि काकू चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करतात. मुलगी न्यू जर्सीतील एडिसनजवळ राहते. तिचे पहिले बाळंतपण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षित होते, म्हणून आई-वडिलांनी ऑगस्टच्या मध्यावर पोहोचावे आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात परतावे असे ठरले. व्हिसा आधीच्या फेरीचा होता आणि त्याची मुदत शिल्लक होती. वरवर पाहता काम सोपे होते.

अडचण

ऑगस्टमध्ये भारतातून अमेरिकेला जाणारी विमाने विद्यार्थ्यांनी भरलेली असतात, कारण तिथल्या विद्यापीठांचे शैक्षणिक वर्ष त्याच सुमारास सुरू होते. त्यामुळे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत जाण्याचे भाडे चढे राहते. विमानात एकाच वर्गाच्या, एकाच रांगेतल्या दोन खुर्च्यांचे भाडेही वेगवेगळे असू शकते. कंपनीने इकॉनॉमीच्या खुर्च्या निरनिराळ्या दरांच्या गटांत विभागलेल्या असतात, स्वस्त गट आधी संपतो आणि मग वरचा गट विक्रीला उघडतो. मेअखेरीस आखाती मार्गाचे जाण्या-येण्याचे तिकीट माणशी १,०६,००० रुपयांना दिसत होते. भाडे आणखी उतरेल या आशेने काकांनी तीन आठवडे थांबायचे ठरवले. लगेच तिकीट घ्यावे असे मी त्यांना एकदा सुचवले, पण आग्रह धरला नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तेच तिकीट १,१८,००० रुपयांना झाले. या प्रकरणातला हा पहिला निर्णय, आणि तो माणशी बारा हजारांना पडला.

दुसरी अडचण भाड्याहून मोठी होती आणि सुरुवातीला तिच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. घरातून निघाल्यापासून मुलीच्या घरी पोहोचेपर्यंत दीड दिवसाहून अधिक वेळ जाणार होता, आणि त्या काळात काकूंनी केव्हा, काय आणि किती खायचे हे त्यांच्या हातात राहणार नव्हते. ग्लिमेपिराइड हे औषध शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. गोळी पोटात गेली आणि अन्न गेले नाही, तर रक्तातली साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. घरी हा प्रश्न येत नाही, कारण गोळी आणि ताट यांच्यात पंधरा-वीस मिनिटांचे अंतर असते आणि ताट येणार याची खात्री असते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय मुंबईहून न्यूअर्कला थेट जाणाऱ्या विमानाचा होता. सुमारे सोळा तासांचा प्रवास, मध्ये कुठेही उतरणे नाही, आणि न्यूअर्क विमानतळ एडिसनला जवळ. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळे जेवण मुंबईच्या स्वयंपाकघरातून चढवलेले असते. विमानातले जेवण विमानात शिजत नाही. ते जमिनीवर शिजवून, झटपट थंड करून, थंड ठेवूनच विमानात चढवतात आणि वर फक्त गरम करतात. म्हणून ज्या गावाहून विमान सुटते, त्या गावच्या स्वयंपाकाची सवय ताटात उतरते. मुंबईहून निघालेल्या विमानात शाकाहारी ताटे भरपूर असतात आणि एखादी नोंद राहून गेली तरी निभावून जाते. या तिकिटाचे भाडे माणशी १,६२,००० रुपये होते.

दुसरा पर्याय आखातातील एका विमानतळावरून जाण्याचा. मुंबईहून साडेतीन तासांचे पहिले विमान, तीन तासांचा थांबा आणि तिथून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत चौदा तासांचे दुसरे विमान, असा साडेवीस तासांचा प्रवास १,१८,००० रुपयांत होता. दोन्ही सेक्टर, म्हणजे प्रवासाचे टप्पे, एकाच तिकिटावर, सामान थेट न्यूयॉर्कपर्यंत. मात्र लांबच्या सेक्टरचे जेवण आखातातल्या स्वयंपाकघरातून येणार होते.

तिसरा पर्याय मुलीच्या एका मित्राने सुचवला होता. आखातापर्यंत स्वस्त कंपनीचे वेगळे तिकीट, पुढे दुसऱ्या कंपनीचे वेगळे तिकीट, आणि दोन्ही मिळून माणशी ९४,०००. असे तिकीट मी ज्येष्ठांना काढून देत नाही आणि याही वेळी दिले नाही. पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी नसते. सामान काढून घेऊन पुन्हा द्यावे लागते, म्हणजे त्या देशात प्रवेश करण्याचा प्रश्न येतो. आणि स्वस्त कंपनीच्या भाड्यात जेवण धरलेले नसते, ते वेगळे विकत घ्यावे लागते. माणशी चोवीस हजार वाचवताना ही सगळी जोखीम दोन वयस्कर माणसांच्या डोक्यावर ठेवणे मला पटत नाही.

खरा विचार पहिल्या दोन पर्यायांत होता. फरक माणशी ४४,००० रुपयांचा, दोघांचा ८८,००० रुपयांचा. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नसते, आणि मुलीने पैसे द्यायची तयारी दाखवली तरी काकांना ते नको होते. "बाळंतपणाचा खर्च तिच्यापुढे आहे, त्यात आमची भर नको," असे ते म्हणाले. आखाती मार्ग ठरला. त्या दिवशी समोर असलेल्या माहितीवर तो निर्णय चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. पण दोन भाड्यांची तुलना मी कागदावर मांडली तेव्हा त्यात तास होते, थांबा होता, सामानाचे वजन होते. जेवण कुठून येणार हा रकाना नव्हता. तो असायला हवा होता.

तारीख ठरवताना मात्र एक गोष्ट नीट झाली. मुलीने पाहिलेली तारीख श्रावणी सोमवारची होती. काकूंचा त्या दिवशी उपवास असतो, आणि विमानात उपवासाचे काही मिळत नाही. आम्ही बुधवार घेतला. बुधवारचे भाडे सोमवारएवढेच होते, त्यामुळे काही गमवावेही लागले नाही.

जेवणाची नोंद

विशेष जेवणासाठी विमान कंपन्यांची ठरलेली चार अक्षरी सांकेतिक नावे आहेत आणि ती जगभर बहुतांशी सारखीच चालतात. भारतीय पद्धतीचे शाकाहारी जेवण म्हणजे एव्हीएमएल, जैन जेवण म्हणजे व्हीजेएमएल, मधुमेहींचे जेवण म्हणजे डीबीएमएल. एचएनएमएल या 'हिंदू' जेवणावर पुष्कळ शाकाहारी माणसे फसतात, कारण ते जेवण शाकाहारी नसते. त्यात गोमांस नसते इतकेच, कोंबडी, बकरा किंवा मासे असू शकतात. विशेष जेवणाला पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्या सहसा वेगळे पैसे आकारत नाहीत, पण उड्डाणाच्या किमान चोवीस तास आधी नोंद व्हावी लागते आणि एका प्रवाशाला एकच नोंद मिळते. शाकाहारी आणि मधुमेही, अशी दोन्ही एकत्र करता येत नाहीत.

तिकीट काढताना मी दोघांसाठी एव्हीएमएल टाकले होते. प्रवासाच्या सहा दिवस आधी सगळे पुन्हा पाहताना काकूंच्या नावापुढे डीबीएमएल दिसले. मुलीने कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन ते बदलले होते. आईला मधुमेह आहे, तर मधुमेहींचे जेवण बरे, असा तिचा सरळ विचार होता आणि त्यात प्रेमाशिवाय काही नव्हते. पण त्या ताटात साखर आणि चरबी कमी असली, तरी भाजलेली कोंबडी किंवा मासा असण्याची पूर्ण शक्यता असते.

मी काकूंना दुकानात बोलावले. तोवर सगळे बोलणे काकांशी आणि फोनवर मुलीशी झाले होते. जिच्या ताटाचा प्रश्न होता, तिला कोणी विचारलेच नव्हते. समोर तीन नोंदी ठेवल्या. डीबीएमएलमध्ये मांस येऊ शकते. व्हीजेएमएलमध्ये कांदा, लसूण आणि कंदमुळे नसतात, म्हणजे चातुर्मास पाळला जातो, पण माझ्याकडच्या प्रवाशांनी सांगितलेल्या अनुभवाप्रमाणे भारताबाहेरून चढणारे जैन ताट बरेचदा भात, वाटाणे आणि फळे यांवरच भागवलेले असते. एव्हीएमएलमध्ये कांदा-लसूण असणार, भाताबरोबर पाव आणि गोड पदार्थही असणार, पण डाळ, राजमा किंवा पनीर असे पोटाला आधार देणारे काहीतरी असतेच.

काकूंनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "कांद्याचं मी आपद्धर्म म्हणून चालवून घेईन. अंडं-मांस नको. गोड मी यांना देईन." एका वाक्यात त्यांनी जो उलगडा केला, तो आम्ही तिघांनी मिळून केला नसता. एव्हीएमएल पुन्हा टाकले आणि दोन्ही सेक्टरवर ते पक्के झाल्याचे पाहिले.

बरोबर नेण्याच्या खाण्याचीही यादी त्याच बैठकीत झाली. दुधात भिजवलेल्या दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेले चणे. लोणचे हातातल्या पिशवीत नको, कारण ओलसर पदार्थांना शंभर मिलिलिटरची मर्यादा लागते. बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांत खसखस होती. आखातातील अनेक देशांत खसखस बाळगणे हा गुन्हा ठरतो, आणि नुसते विमान बदलायचे असले तरी मी ती नेऊ देत नाही. काकूंनी खसखशीशिवाय दुसरा घाणा केला. खोबऱ्याच्या वाट्याही सामानातून काढायला लावल्या, कारण सुके खोबरे विमानाच्या नियमांत पेट घेणाऱ्या मालात मोडते. अमेरिकेत उतरताना बरोबरचे सगळे खाणे जाहीर करायचे आणि ताजे फळ एकही ठेवायचे नाही, हेही बजावून सांगितले. विमानातच वाटलेले एक सफरचंद पिशवीत राहिले म्हणून डेनव्हरला एका प्रवासी बाईला ५०० डॉलर दंड झाल्याची २०१८ ची बातमी मी अशा वेळी प्रत्येकाला सांगतो.

इतके सगळे केले, आणि गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारायला कोणीच सुचवले नाही. प्रवासाला हरकत नाही अशी चिठ्ठी डॉक्टरांकडून आणली होती; गोळी कोणत्या घड्याळाप्रमाणे आणि कशानंतर घ्यायची, हा प्रश्न त्यांच्यापुढे गेलाच नाही.

वेळापत्रक बदलले

प्रवासाला तीन दिवस उरले असताना कंपनीने दुसऱ्या विमानाची वेळ दीड तासाने अलीकडे आणली. मधला थांबा आता पुरेसा उरत नव्हता, म्हणून दोघांना त्याच दिवशीच्या, तिथल्या वेळेने दुपारी सव्वादोनच्या विमानात बसवण्यात आले. तीन तासांचा थांबा पावणेनऊ तासांचा झाला आणि एकूण प्रवास साडेवीस तासांवरून सव्वासव्वीस तासांवर गेला.

इथे तीन वाटा होत्या. पैसे परत घेऊन दुसरे तिकीट काढणे, पण ऑगस्टच्या त्या आठवड्यात नवे तिकीट कितीतरी महाग पडले असते. कंपनीकडे दुसऱ्या दिवशीची सोयीची जोडणी मागणे. ती मागितली, पण जागा नव्हती. किंवा आहे ते स्वीकारणे. काका-काकूंशी बोलून आम्ही ते स्वीकारले आणि तिकीट रीइश्यू झाले, म्हणजे नव्याने निघाले.

त्या संध्याकाळी मी नव्या तिकिटावर तीन गोष्टी पाहिल्या. वेळा बरोबर आहेत, दोघांच्या खुर्च्या शेजारी आहेत, सामान थेट न्यूयॉर्कपर्यंत आहे. जेवणाची नोंद पाहिली नाही. पहिले विमान बदलले नव्हते, त्यामुळे तिथे एव्हीएमएल जसेच्या तसे होते. दुसरे विमान नवे होते आणि जुन्या विमानावरची नोंद त्याच्यावर आपोआप गेली नव्हती. नोंद ही प्रवाशाला चिकटलेली नसते, ती त्या विशिष्ट उड्डाणाला चिकटलेली असते. हे मला माहीत होते. तरीही पाहिले नाही, आणि या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक माझी आहे, कारण ती पाहणे हे माझे काम होते आणि हातात बहात्तर तास होते.

विमानात काय घडले

पुढचा वृत्तान्त काकांच्या डायरीतून घेतला आहे. ते प्रत्येक वेळ भारताच्या घड्याळाने लिहितात आणि कंसात तिथली वेळ टिपतात, म्हणून घटनाक्रम नीट लावता आला.

सांगलीहून मंगळवारी दुपारी दोनला गाडी निघाली. विमान बुधवारी पहाटे साडेचारचे. पहिल्या विमानात एका बाईने लेकराजवळ बसता यावे म्हणून जागा बदलून मागितली आणि काकू एक रांग मागे गेल्या. विशेष जेवणाची ताटे खुर्चीच्या क्रमांकाप्रमाणे, जेवणाचा गाडा फिरण्याच्या आधी दिली जातात. ते ताट जुन्या खुर्चीवर त्या बाईपुढे ठेवले गेले. काकांनी पाहिले आणि मागे देववले. उपमा, इडली, एक पाव आणि फळे. काकूंनी सकाळची गोळी घेतली आणि पोटभर खाल्ले. तोपर्यंत सगळे ठीक होते.

आखातातल्या थांब्यात साडेअकराच्या सुमारास काकूंनी दीड दशमी आणि चटणी खाल्ली. नंतर भूक लागली होती, पण विमानात बसल्यावर जेवण येणारच आहे, म्हणून थांबल्या. इतका लांब थांबा कंपनीच्या बदलामुळे झाला असेल तर काही कंपन्या विमानतळावर जेवणाचे कूपन देतात. ते काउंटरवर मागावे, असे मी त्यांना सांगितले नव्हते.

दुसरे विमान पावणेपाचला (तिथल्या सव्वादोनला) सुटले. सव्वासहाला गाडा पुढच्या रांगांत दिसला, अन्नाचा वास आला आणि काकूंनी संध्याकाळची गोळी घेतली. बारा वर्षांची सवय तीच होती : आधी गोळी, मग ताट. त्यांची खुर्ची शेवटून चौथ्या रांगेत होती. विशेष ताटे वाटून झाली होती आणि त्यांत या दोघांचे नव्हते. गाडा त्यांच्यापर्यंत पोहोचायला सात वाजले, आणि तोवर शाकाहारी ताटे संपली होती. उरले होते चिकन आणि मासे.

काकांनी सेविकेला नोंदीचा कागद दाखवला. तो जुन्या तिकिटाचा होता. तिने यादी पाहिली, नाव नव्हते, आणि थोड्या वेळात काहीतरी आणते असे सांगून ती पुढे गेली. तिची चूक काढता येत नाही, कारण तिच्या हातातल्या यादीत खरोखरच काही नव्हते. त्या वेळी गोळी घेतल्याचे सांगावे हे काकांच्या लक्षात आले नाही, आणि काकूंनी "येईल की," म्हणून त्यांना गप्प केले. उरलेल्या दशम्यांची पिशवी वरच्या कप्प्यात होती. शेजारच्या प्रवाशाच्या ताटावरून हात नेऊन ती काढायला त्यांना संकोच वाटला.

साडेसातला काकूंच्या हाताला कंप सुटला आणि मानेवर घाम आला. त्यांनी पर्समधला ग्लुकोमीटर स्वतः काढला. काकांच्या डायरीत आकडा आहे : ६४. सत्तरच्या खाली गेलेली साखर म्हणजे लगेच काहीतरी गोड पोटात जाणे आवश्यक असते. काकांनी डोक्यावरचे बटण दाबले आणि या वेळी पहिले वाक्य बरोबर बोलले : "शी इज डायबेटिक, शुगर इज लो." सेविका संत्र्याच्या रसाचा पेला घेऊन धावत आली. पंधरा मिनिटांनी आकडा ७८, आणखी वीस मिनिटांनी ९६. मधल्या वेळात दुसऱ्या एका सेविकेने बिझनेस क्लासमधून डाळ-भात, पाव आणि दही मिळवून आणले, दशम्यांची पिशवी खाली काढून दिली आणि शेवटच्या जेवणासाठी एक शाकाहारी ताट बाजूला ठेवून त्यावर खुर्चीचा क्रमांक लिहिला. काकांनी तिचे नाव डायरीत टिपून ठेवले होते आणि पोहोचल्यावर मुलीकडून कंपनीला आभाराचे पत्र पाठवले.

न्यूयॉर्कला ते तिथल्या वेळेने बुधवारीच रात्री सव्वानऊला उतरले. सांगलीचे घर सोडल्यापासून मुलीच्या दारात पाय ठेवेपर्यंत त्रेचाळीस तास झाले होते. काकूंची तब्येत ठीक होती. बाळ तीन आठवड्यांनी सुखरूप झाले.

काय वेगळे करता आले असते

हे प्रकरण मी नंतर दोघांशी आणि मुलीशी बसून पुन्हा तपासले. यात एकाच ठिकाणी चूक झाली असती तर काही घडले नसते. नोंद राहून गेली, पण काकू पुढच्या रांगेत असत्या तर शाकाहारी ताट मिळाले असते. ताट नव्हते, पण गोळी घेतलेली नसती तर नुसती भूक लागली असती. गोळी घेतली होती, पण दशम्या पायाशी असत्या तर प्रश्न तिथेच मिटला असता. म्हणून मी या चुकांना सारखे वजन देत नाही. माझी चूक सुरुवातीची होती आणि ती टाळणे सर्वांत स्वस्त होते. गोळीचा प्रश्न मात्र सर्वांत गंभीर होता, कारण जेवणाची नोंद कितीही पक्की असली तरी विमानातल्या जेवणाच्या वेळेचा भरवसा देता येत नाही. हवा खराब असली की सेवा तासभर थांबते आणि गाडा होता तिथून परत फिरतो.

घडलेला प्रकार कळल्यावर सांगलीच्या डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितले की प्रवासात ताट समोर आल्यावर, दोन घास पोटात गेले की मगच गोळी घ्यायची, आणि जेवण मिळालेच नाही तर त्यांना विचारून तेवढ्यापुरती ती गोळी वगळायची. दिवस लांबणाऱ्या आणि आखडणाऱ्या प्रवासात गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या, याचा कागदही त्यांनी लिहून दिला. प्रत्येकाचे औषध वेगळे असते, त्यामुळे हा सल्ला जसाच्या तसा दुसऱ्याने उचलण्यासारखा नाही. पण आपल्या डॉक्टरांपुढे हाच प्रश्न प्रत्येक मधुमेही प्रवाशाने ठेवायला हवा, असे मी आता तिकीट देतानाच सांगतो.

भाड्याच्या बाबतीत माझे मत थोडे बदलले आहे. ८८,००० रुपये वाचले हे खरे आहे, आणि काकांना विचारले तर ते आजही आखाती मार्गच घेतील. पण जेवणाशी बांधलेले औषध घेणारा वयस्कर प्रवासी असेल, तर थेट विमानाचे जास्तीचे भाडे मी आता फक्त आरामाचे भाडे म्हणून मांडत नाही. थांबा जितका अधिक, तितकी वेळापत्रक बदलून जोडणी तुटण्याची शक्यता अधिक, आणि जोडणी तुटली की तिकीट नव्याने निघते व त्याच्याबरोबर खुर्च्या, जेवण, चाकाची खुर्ची या सगळ्या नोंदी पुन्हा लावाव्या लागतात. हे सगळे घरच्यांसमोर ठेवून मग त्यांनी ठरवावे. मेअखेरीसच १,०६,००० ला तिकीट घेतले असते तर दोघांचे मिळून वाचलेल्या चोवीस हजारांतून पुढच्या रांगेतल्या, जादा पैशांच्या खुर्च्या दोन्ही फेऱ्यांसाठी सहज घेता आल्या असत्या, हाही हिशेब मी काकांना दाखवला. त्यांनी तो डायरीत उतरवून घेतला.

माझ्या दुकानात एक बदल झाला. रीइश्यू झालेल्या प्रत्येक तिकिटावर आता सेक्टरनिहाय जेवणाची नोंद पुन्हा टाकली जाते, ती पक्की झाल्याचे दाखवणारी एचके ही अक्षरे समोर आल्याशिवाय फाईल बंद होत नाही, आणि प्रवाशाच्या हातात नव्या तिकिटाचाच कागद जातो. जुना मी परत मागून घेतो.

परतीचा प्रवास

जानेवारीत परतीच्या तिकिटावर काही बदल झाला नाही, तरी मी बहात्तर तास आणि चोवीस तास आधी दोन्ही सेक्टर पाहिले. मुलीने जेएफकेच्या काउंटरवर पुन्हा विचारून घेतले आणि पैसे भरून अकराव्या रांगेतल्या खुर्च्या घेतल्या. थालीपिठे, भाजलेले चणे आणि रसाचा छोटा डबा असलेली पिशवी या वेळी काकूंच्या पायाशी होती. रस तपासणी ओलांडल्यावर आत विकत घेतला होता. कोणी जागा बदलून मागितली तर आधी सेविकेला सांगायचे, हे काकांनी स्वतःच ठरवले होते.

विमान सुटल्यावर दीड तासाने सेविका यादी घेऊन आली, नाव विचारले आणि खुर्चीच्या माथ्यावर एक छोटी चिकटपट्टी लावून गेली. गाडा निघण्याआधी दोन ताटे आली. काकूंनी झाकण उघडून आत राजमा, भात आणि कोबीची भाजी असल्याचे पाहिले, गोड शिऱ्याची वाटी काकांच्या ताटात ठेवली, दोन घास खाल्ले, आणि मग पर्समधून गोळ्यांची डबी काढली. काकांच्या डायरीत त्या ओळीपुढे दोन्ही घड्याळांच्या वेळा आहेत आणि खाली साखरेचा आकडा : १२४.